कोंबडीच्या रक्तातून क्रोमॅटिनची पहिली लॅडर: लॅबमध्ये नवीन आलेल्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्यात नवीन बॅच लॅबमध्ये येते, कोण गडहिंग्लजचं, कोण कागलचं, कोण इथलंच राजारामपुरीतलं, आणि कुणालाही विचारलं की क्रोमॅटिन म्हणजे काय तर उत्तर तोंडपाठ असतं, हिस्टोन, न्यूक्लिओसोम, मण्यांची माळ, १४७ बेस पेअर, सगळं बरोबर. पण बघितलंय का कुणी? चित्रातच. आणि मग हीच पोरं थेट चिपसारख्या (क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीनं क्रोमॅटिनचे ठराविक तुकडे पकडायचे) अवघड प्रयोगाला हात घालतात, महागडी अँटिबॉडी उघडतात आणि दोन-दोन महिने हाताला काही लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या आधी एक आठवडा काढा आणि न्यूक्लिओसोमची लॅडर स्वतःच्या हातानं जेलवर काढून बघा. कोल्हापुरात बसून, साध्या लॅबमध्ये, कोंबडीच्या रक्तावर हे जमतं, मी केलंय आणि ज्यांना शेजारी उभं राहून शिकवलं त्यांनाही जमलंय.

लॅडर म्हणजे काय ते आधी दोन ओळीत. डीएनए हिस्टोन नावाच्या आठ प्रोटीनच्या गठ्ठ्याभोवती साधारण पावणेदोन वेढे घेतो, गठ्ठ्यात एच२ए, एच२बी, एच३, एच४ प्रत्येकी दोन. गठ्ठा आणि त्याच्यावरचा वेढा मिळून एक न्यूक्लिओसोम, म्हणजे माळेतला एक मणी, आणि अशी अख्खी माळ म्हणजे क्रोमॅटिन. दोन गठ्ठ्यांमधला मोकळा तुकडा म्हणजे लिंकर. मायक्रोकॉकल न्यूक्लिएज नावाचं एन्झाइम, सगळे एमनेज म्हणतात, ते आधी ह्या मोकळ्या लिंकरवर कापतं कारण वेढ्यातला डीएनए त्याला सहज सापडत नाही. त्यामुळे तुकडे मनाला येतील तसे पडत नाहीत, एका मण्याचे, दोन मण्यांचे, तीन मण्यांचे असे ठरलेल्या मापाचे पडतात आणि जेलवर पायऱ्या दिसतात. १९७३ साली ह्यूइश आणि बर्गोइन यांनी उंदराच्या लिव्हरमधल्या केंद्रकात अशा पायऱ्या दाखवल्या, तिथं केंद्रकाचं स्वतःचंच एन्झाइम कापत होतं. १९७४ ला रॉजर कॉर्नबर्गनं मणी म्हणजे काय ते मांडलं आणि त्याच वर्षी ऑलिन्स नवरा-बायकोनं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मणी दाखवले, त्यांच्या नमुन्यात कोंबडीच्या लाल पेशीही होत्या. म्हणजे आपण काही हलकंसलकं मटेरियल वापरत नाही, विषयाच्या सुरुवातीलाच हे रक्त वापरलं गेलंय.

आता खरी गोष्ट सांगतो जी कुठल्या प्रोटोकॉलमध्ये एका वाक्यात लिहिलेली सापडत नाही. ह्या सगळ्या कामात रिॲक्शन सुरू करणं सोपं असतं, नेमकी कुठं आणि कशानं थांबवायची हे कळायला वेळ लागतो. माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं करवीर तालुक्यात, तिथं काहिलीत रस उकळायला लागला की सगळे गडी गुळव्याच्या तोंडाकडं बघत उभे असायचे. तो पळीभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटानं गोळी वळून बघायचा आणि मग एकदम ओरडायचा, उतरवा. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर करपतो. एमनेज असू दे नाहीतर पुढं चिपमध्ये लागणारं फॉर्मल्डिहाइड, तुम्ही तिथं गुळव्याच्या जागी उभे असता. फरक एवढाच की गोळी वळून बघायला तुमच्याकडं जेल आहे आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं, म्हणून वेगवेगळ्या मिनिटाला नमुने काढून ठेवावे लागतात.

आदल्या दिवशीची तयारी

बफर आदल्या दिवशीच करून ठेवा, रक्त आणल्यावर बफर करत बसलात तर दिवस गेला. पहिला अडसर ईडीटीएचा येतो, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाचा. ०.५ मोलरचं स्टॉक करायला पावडर पाण्यात टाकता आणि ती तासभर ढवळली तरी दुधासारखी पांढरीच राहते, नवीन पोरांना वाटतं पावडर खराब आहे. तसं नसतं, पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय ती विरघळतच नाही, सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या एकेक करून टाकत जा, आपोआप पाणी स्वच्छ होतं. दुसरा अडसर ट्रिसचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवायला बफरमध्ये जे घालतात त्याचा. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर हलतो, दर अंशाला साधारण ०.०२८ नं, म्हणजे २५ अंशाला ७.५ लावलेला बफर ४ अंशाच्या खोलीत गेला की ८.१ च्या आसपास जातो. मे महिन्यात बाहेर ३५-३६ असताना पीएच लावला आणि बर्फावर वापरला तर फरक अजून वाढतो. म्हणून ज्या तापमानाला वापरणार त्याचा विचार करून लावा आणि किती अंशाला लावला ते बाटलीवर लिहा.

लागणारे बफर असे. धुवायला थंड पीबीएस (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी), त्यात ५ मिलिमोलर ईडीटीए. पेशी फोडायला १० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ३ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि अर्धा टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट). कापायला हाच बफर पण एनपी-४० शिवाय आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून. थांबवायला २० मिलिमोलर ईडीटीए आणि १ टक्का एसडीएस (कडक डिटर्जंट). मॅग्नेशियम विसरू नका, ते नसेल तर केंद्रकं फुगतात, फुटतात आणि सगळं चिकट होऊन बसतं.

पीएमएसएफ हे प्रोटिएजला, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांना, अडवणारं रसायन आयत्या वेळीच घाला. ते पाण्यात टिकत नाही, पीएच ७.५ ला २५ अंशावर तासाभरात निम्म्याहून जास्त संपलेलं असतं. आयसोप्रोपॅनॉलमध्ये स्टॉक करा, वापरायच्या आधी मिनिटभर टाका, आणि पावडर तोलताना ग्लोव्ह्ज आणि मास्क पाहिजेच, ते विषारी आहे.

रक्त आणायचं कसं

आधी गाईडला विचारा, विभागाच्या जैवसुरक्षेच्या नियमात काय बसतं ते बघा, आणि आपल्या भागात बर्ड फ्लूची बातमी असेल तर हा बेत सरळ पुढं ढकला.

चिकनच्या दुकानात सकाळी लवकर जा, गर्दीच्या आधी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानातल्या मामांनी सुरी थांबवून विचारलं, "रक्त? कशाला रं पाहिजे तुला रक्त?" मी म्हटलं प्रयोगाला, कॉलेजात. "किती, बादलीभर?" म्हटलं नाही मामा, हे एवढं, आणि ५ मिलीची खूण दाखवली. त्यांनी कोंबडी कापल्याबरोबर पहिली धार सोडून दिली आणि नंतरची थेट ट्यूबमध्ये धरली, मला काही सांगावंच लागलं नाही. हाताला सवय असलेला माणूस मिळाला की अर्धं काम होतं.

ट्यूबमध्ये ईडीटीए आधीच असला पाहिजे, ५ मिली रक्ताला ०.५ मोलरचं १०० मायक्रोलिटर. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जी जांभळ्या टोपणाची ट्यूब असते तिच्यातही ईडीटीएच असतं, ती चालते. रक्त पडलं की लगेच टोपण लावून आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करा, हलवून फेस काढू नका. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तोच कॅल्शियम पकडून ठेवतो, म्हणून गुठळी होत नाही. हे नीट डोक्यात ठेवा कारण पुढं हाच ईडीटीए एकदा घात करतो आणि एकदा वाचवतो. हिपॅरिन वापरायचा मोह टाळा, त्याच्यावर भरपूर ऋण भार असतो, ते हिस्टोनला डीएनएपासून ओढतं आणि पुढं पीसीआरलाही आडवं येतं.

थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा. बर्फ कारखान्यातली लादी फोडून आणली तरी चालते पण ती फक्त बाहेरून गार ठेवायला, ट्यूबच्या आत जाणार नाही एवढं बघा. आणि जास्त रक्त आणून काही उपयोग नाही. कोंबडीच्या लाल पेशीला केंद्रक असतं, आपल्याला नसतं, आणि तिच्या १ मिली रक्तात साधारण २५० ते ३५० कोटी लाल पेशी असतात, प्रत्येकीत जवळपास २.५ पिकोग्रॅम डीएनए. गुणाकार केलात तर १ मिलीत ६ मिलिग्रॅमच्या वर डीएनए निघतो, जेलच्या एका लेनला १-२ मायक्रोग्रॅम लागतो. ५ मिली म्हणजे खूप झालं.

धुणं आणि फोडणं

मलमलच्या दुपदरी तुकड्यातून रक्त गाळून घ्या, पिसाचा नाहीतर चरबीचा बारीक कण असतोच. १००० जी वर ५ मिनिटं ४ अंशाला फिरवा. वरचा पिवळसर प्लाझ्मा काढा आणि त्याच्याखाली लाल थरावर जी पातळ पांढरट साय दिसते ती पण काढा, त्या पांढऱ्या पेशी आहेत आणि त्यांच्यात डीएनए तोडणारी, प्रोटीन तोडणारी एन्झाइमं भरलेली असतात. साय काढताना थोड्या लाल पेशी गेल्या तर जाऊ देत, तिथं कंजूषपणा करू नका. पीबीएसनं तीनदा धुवा.

मग फोडायचा बफर, पेशींच्या दहापट तरी, बर्फावर ५ मिनिटं, आणि परत फिरवा. इथून पुढं बघायला मजा आहे. पहिल्या वेळी वरचं पाणी गडद लाल होतं, हिमोग्लोबिन सगळं बाहेर आलेलं असतं, आणि खाली बसलेला गोळा, म्हणजे पेलेट, अजून लालसर. दुसऱ्या वेळी गुलाबी. तिसऱ्या-चौथ्या वेळी पेलेट पांढरट, साईसारखा मऊ बसतो, तीच तुमची केंद्रकं. एक थेंब ट्रायपॅन ब्लू लावून मायक्रोस्कोपखाली बघाच, निळे, सुटे, गुळगुळीत लांबट गोल दिसले पाहिजेत. झुबके दिसले तर अजून एकदा धुवा. पिपेटच्या टिपचं टोक कात्रीनं कापून रुंद करून घ्या आणि हळू वरखाली करा, कारण जोरात ओढलं की केंद्रकं फुटतात आणि काकवीसारख्या तारा निघायला लागतात, एकदा तार सुटली की तो नमुना गेला, परत सुटा होत नाही, नवीन पेलेट घ्या.

इथला माझा अनुभव सांगतो. सुरुवातीला मी सगळ्या धुण्यात ईडीटीए ठेवला होता, मनात असं की एन्झाइमांपासून जितकं संरक्षण तितकं बरं. तीन संध्याकाळ एमनेज टाकलं, एन्झाइम वाढवत गेलो, तरी जेलवर डीएनए वरच्या खाचेतच बसलेला. एन्झाइम मेलंय असं धरून चाललो होतो. शेवटी साध्या शुद्ध डीएनएवर तेच एन्झाइम टाकून बघितलं तर त्यानं दोन मिनिटात सगळं खाल्लं. मग कळलं, एमनेजला कॅल्शियम लागतोच आणि माझा १ मिलिमोलर कॅल्शियम शिल्लक राहिलेला ईडीटीए गिळून टाकत होता. म्हणून पीबीएस झालं की पुढं कुठंही ईडीटीए नको, आणि शेवटची दोन धुणी कापायच्या बफरमध्येच करा. आणि कापणं पीबीएसमध्ये कधी करू नका, फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका खाली बसतो आणि एन्झाइमला पुन्हा कॅल्शियम मिळत नाही.

डीएनए किती आहे ते मोजा, अंदाजानं जाऊ नका. ५ मायक्रोलिटर केंद्रकं ९९५ मायक्रोलिटर १ टक्का एसडीएसमध्ये टाका, फुटून द्रव पारदर्शक होतो, मग २६० नॅनोमीटरला वाचा. रीडिंग ०.१ आलं तर ०.१ गुणिले ५० गुणिले २००, म्हणजे मिलीला १००० मायक्रोग्रॅम. अख्खी केंद्रकं थेट वाचू नका, प्रकाश विखुरतो आणि आकडा खोटा येतो.

कापणं

केंद्रकं मिलीला अर्धा मिलिग्रॅम डीएनए होईल एवढी पातळ करा, ८०० मायक्रोलिटर घ्या. सात ट्यूब आधीच मांडून ठेवा, प्रत्येकीत १०० मायक्रोलिटर थांबवायचं बफर आणि टोपणावर मिनिटं लिहिलेली. ह्या ट्यूब बर्फात ठेवू नका, एसडीएस गारठ्यानं पांढरा होऊन बसतो, बाहेर टेबलावर ठेवा.

३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये केंद्रकं ५ मिनिटं ठेवून गरम होऊ द्या. एन्झाइम टाकायच्या आधी १०० मायक्रोलिटर काढून शून्य मिनिटाच्या ट्यूबमध्ये टाका. दुसरे १०० एका वेगळ्या मोकळ्या ट्यूबमध्ये काढा, त्यात एन्झाइम टाकायचंच नाही पण ती ३७ अंशाला शेवटपर्यंत बसवायची आणि मग थांबवायची. ही एन्झाइम नसलेली ट्यूब सगळे वाचवायला बघतात आणि नंतर पस्तावतात. केंद्रकात स्वतःची न्यूक्लिएजं, म्हणजे डीएनए कापणारी एन्झाइमं, असतात, त्यांनी किती कापलं ते फक्त ह्याच ट्यूबमध्ये कळतं.

उरलेल्या ६०० मध्ये एमनेज टाका, हळू मिसळा आणि घड्याळ चालू करा. १, २, ५, १० आणि २० मिनिटाला १०० काढायचे आणि थेट थांबवायच्या बफरमध्ये टाकून लगेच मिसळायचं. तिथं ईडीटीए १० मिलिमोलर होतो, कॅल्शियम अर्धा आणि मॅग्नेशियम दीड, म्हणजे दोन्ही पकडून पुरतो. ज्या ईडीटीएनं मला तीन संध्याकाळ रडवलं तोच इथं एका सेकंदात एन्झाइम गोठवतो, रसायन तेच, जागा बदलली.

एन्झाइम किती टाकायचं असं प्रत्येक नवीन पोरगं विचारतं आणि मी आकडा देत नाही, मुद्दाम. युनिटची व्याख्या कंपनीगणिक वेगळी असते, एकीचं एक युनिट दुसरीच्या दहा युनिटाएवढंही भरतं, त्यामुळे पेपरमधला आकडा उचलला तर फसगत नक्की. पहिल्या दिवशी तीन पातळ्या करा, एकमेकांच्या दहापट पातळ, फक्त ५ मिनिटं चालवा, जेल बघा, त्यातली बरी निवडा आणि मग वेळेचा पूर्ण प्रयोग. एन्झाइम आलं की लहान लहान भागात वाटून फ्रीझरला टाका, कारण लाईट गेली आणि डबा दोनदा वितळला की पुढच्या महिन्यात तेच एन्झाइम तसं वागत नाही. वॉटर बाथवरचा आकडा बघू नका, आत थर्मामीटर बुडवून ठेवा, लाईट जाऊन आल्यावर काही जुनी बाथ पुन्हा तापायला बराच वेळ घेतात आणि तेवढ्यात तुमची १० मिनिटं खरी १० राहत नाहीत.

नंतरचं नेहमीचंच आहे. आरएनए काढायला आरएनेज, मग प्रोटीन काढायला प्रोटिनेज के मिलीला ०.२ मिलिग्रॅम, ५५ अंशाला दोन तास, फिनॉल-क्लोरोफॉर्म, आणि सोडियम ॲसिटेट टाकून अडीचपट इथेनॉलनं डीएनए खाली बसवायचा. फिनॉल कातडी भाजतो आणि त्या क्षणी दुखत पण नाही, म्हणून साध्या पातळ ग्लोव्ह्जवर विसंबू नका. जेल १.५ टक्के ॲगरोज, दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट, घाई नको. एक बारीक गोष्ट, ब्रोमोफिनॉल ब्लू अशा जेलमध्ये साधारण ३०० बेस पेअरच्या जवळ पळतो म्हणजे तुमच्या एक मणी आणि दोन मण्यांच्या मधोमध, त्याची सावली बँडवर पडते आणि नेमकं बघायचं तेच फिकट दिसतं. ऑरेंज जी वापरा, तो पुढं निघून जातो.

जेल वाचायचं कसं

शून्य मिनिटाला सगळा डीएनए वर, एकच जाड पट्टा. १-२ मिनिटाला वर धूसर आणि खाली पायऱ्या उमटायला लागतात. ५ च्या आसपास सहा-सात पायऱ्या मोजता येतात. २० ला सगळं खाली एका मण्याशी गोळा होतं आणि तो बँडही खाली सरकतो, कारण एमनेज लिंकर कापून थांबत नाही, टोकं कुरतडत कुरतडत १४७ पर्यंत येतं. त्यामुळे एका पायरीचं माप काढायचं असेल तर कमी कापलेली लेन घ्या, तीन-चार मण्यांचे बँड मोजा आणि भागा. कोंबडीच्या लाल पेशीत उत्तर २१० च्या आसपास यायला पाहिजे, इतर बऱ्याच पेशींपेक्षा थोडं जास्त. कारण ह्या पेशीत नेहमीच्या एच१ बरोबर एच५ नावाचा खास लिंकर हिस्टोन असतो आणि तो क्रोमॅटिन घट्ट बांधून ठेवतो. तुमच्या स्वतःच्या जेलवर पट्टीनं मोजून २१० आलं ना की पुस्तकातलं ते वाक्य आयुष्यात विसरत नाही.

माझा पहिला चांगला जेल आला तेव्हा फोटो मोबाईलमध्ये घेऊन मी दुकानात गेलो होतो. मामांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे तर शिडीगत दिसतंय." मी म्हटलं मामा आम्ही पण तेच म्हणतो.

पायऱ्या न येता नुसता धूर आला तर आधी एन्झाइम नसलेली लेन बघा. तिथंही धूर असेल तर केंद्रकंच खराब आहेत, रक्त जास्त वेळ बाहेर राहिलं नाहीतर पांढरी साय नीट निघाली नाही. ती लेन स्वच्छ असेल आणि बाकी धूर असेल तर केंद्रकं फुटून क्रोमॅटिन उलगडलं असेल किंवा एन्झाइम फार झालं. काहीच कापलं नसेल तर ईडीटीए, वर सांगितलंच.

इथून जीन रेग्युलेशनकडं

लॅडर सगळ्या जीनोमची सरासरी दाखवते, कुठलं जीन उघडं आणि कुठलं बंद ते सांगत नाही. पण तेही पहिल्यांदा ह्याच रक्तात दिसलं. १९७६ ला वाइनट्रॉब आणि ग्रूडिन यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या लाल पेशींची केंद्रकं घेऊन डीएनएज वन हे डीएनए कापणारं एन्झाइम टाकलं तर ग्लोबिनचं जीन आधी तुटलं, अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनचं जीन त्याच केंद्रकात तसंच राहिलं. लाल पेशीला ग्लोबिन लागतं, ओव्हाल्ब्युमिन लागत नाही. जीन तेच, पेशी बदलली की पॅकिंग बदलतं.

आणि पॅकिंग बदलायचं रसायन बघाल तर लायसिन ह्या अमिनो आम्लापाशी येता. हिस्टोनच्या शेपटीतल्या लायसिनच्या टोकाला अमिन असतो, त्याच्यावर धन भार, डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण, म्हणून पकड. ॲसिटाइल को-ए कडून ॲसिटाइल गट त्या अमिनवर बसला की धन भार जातो आणि पकड सैल होते. मिथाइल बसला तर भार जात नाही, पण ते ओळखणारी वेगळी प्रोटीनं येऊन चिकटतात, एच३ च्या ४ नंबरच्या लायसिनवर तीन मिथाइल म्हणजे बहुतेक चालू जीनची सुरुवात, २७ नंबरवर तीन मिथाइल म्हणजे बंद ठेवलेलं. चिपमध्ये हीच खूण अँटिबॉडीनं पकडायची असते.

त्यासाठी आधी सगळं जागच्या जागी बांधायला फॉर्मल्डिहाइड, आणि तेही त्याच लायसिनच्या अमिनवर हल्ला करतं. अमिन फॉर्मल्डिहाइडला चिकटतो, पाण्याचा रेणू सुटतो, मधे एक अस्थिर इमिन तयार होतो आणि शेजारी डीएनएचा बेस नाहीतर दुसरं प्रोटीन मिळालं की एका कार्बनचा पूल बनतो. हा पूल फक्त २ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे अगदी खेटून असलेलंच बांधलं जातं. हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फॉर्मल्डिहाइड टाकताना बफरमध्ये ट्रिस का नको, कारण ट्रिसमध्येही अमिन आहे, तोच सगळं खाऊन टाकतो. थांबवायला ग्लायसिन का, कारण त्याचाही अमिन आहे आणि तो भरपूर ओतला की उरलेलं फॉर्मल्डिहाइड त्याच्यावर खर्च होतं. जास्त वेळ बांधलं तर अँटिबॉडी का लागत नाही, कारण जी खूण तिनं ओळखायची तिच्या आजूबाजूचे लायसिन तुम्हीच झाकून टाकलेत.

माप सांगतो, १० मिली पेशींना ३७ टक्क्याचं २७० मायक्रोलिटर टाकलं की १ टक्का होतं, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं, मग २.५ मोलर ग्लायसिनचं ५०० मायक्रोलिटर, ५ मिनिटं. सगळं फ्यूम हूडमध्येच. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पहिल्या गटात टाकलंय, डोळे चुरचुरायला लागले म्हणजे तुम्ही आधीच बरंच ओढलंय. बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला, हिवाळ्यात हमखास दिसतो, तर ती वापरू नका, तो पॅराफॉर्मल्डिहाइड आहे, म्हणजे वरच्या पाण्यात ३७ टक्के उरलेलं नाही. हलवून वापरलं तरी माप कळत नाही. शक्यतो मिथेनॉल नसलेल्या बंद काचेच्या ॲम्प्यूल घ्या, उघडली की त्याच दिवशी. टाकाऊ पाणी वेगळ्या कॅनमध्ये, रक्त धुतलेल्या ब्लीचच्या बादलीत अजिबात ओतू नका.

बांधलेलं क्रोमॅटिन सोनिकेटरनं २०० ते ५०० बेस पेअरपर्यंत तोडायचं, बर्फात, १० सेकंद चालू ३० सेकंद बंद, आणि प्रोबचं टोक द्रवात बुडालेलं पाहिजे, फेस आला की थांबा. तुकड्यांचं माप बघायला आधी ६५ अंशाला रात्रभर ठेवून पूल सोडवा, न सोडवता जेल लावला तर तुकडे मोठे दिसतात आणि तुम्ही उगाच अजून तोडत बसता.

शेवटी क्यूपीसीआरचा हिशोब, म्हणजे पकडलेला डीएनए किती ते पीसीआरनं मोजायचं, इथं फार जण गोंधळतात. अँटिबॉडी टाकायच्या आधीच्या क्रोमॅटिनमधला १ टक्का, म्हणजे इनपुट, बाजूला ठेवला असेल तर त्याच्या सीटीमधून (कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा) ६.६४ वजा करा, कारण १०० पट म्हणजे २ चा ६.६४ वा घात. समजा इनपुट २७ आलं, वजा जाऊन २०.३६. तुमच्या अँटिबॉडीचा सीटी २५.३६ आला तर फरक ५, म्हणजे ३२ मधला एक भाग, जवळपास ३.१ टक्के. साध्या आयजीजीचा (तुलनेसाठी घेतलेली, ठराविक काही न ओळखणारी अँटिबॉडी) २९.३६ आला तर फरक ९, म्हणजे ०.२ टक्के. हे चांगलं चिप आहे. दोन्ही आकडे सारखे आले आणि दोन्ही मोठे असतील तर अँटिबॉडी पकडणारे मणी (न्यूक्लिओसोमचे नव्हेत) कमी धुतलेत नाहीतर तुकडे मोठे राहिलेत, दोन्ही सारखे आणि दोन्ही नगण्य असतील तर बांधणी जास्त झाली असू शकते, फॉर्मल्डिहाइडचे ५, १० आणि १५ मिनिटं असे तीन नमुने लावून बघा. आणि अँटिबॉडी खराब आहे अशी मेल कंपनीला लिहायच्या आधी सोनिकेशनचा जेल काढून एकदा टेबलावर समोर ठेवा.